ठावाचं पाणी आणि खोल कील

इसापूरच्या जलाशयात शिडाच्या होड्या उतरवायच्या आणि तालुक्यातल्या मुलामुलींना त्या चालवायला शिकवायच्या, यावर पुसदच्या एका घरात पूर्ण एकमत आहे. मतभेद आहे तो होडीच्या बुडाखाली काय असावं, याबद्दल. काकाजी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंता. पैनगंगेवरच्या या धरणाचं पाणी चढताना आणि उतरताना त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. पुतणी नोकरीनिमित्त मुंबईला असते आणि सुट्टीच्या दिवशी गेटवेसमोरच्या पाण्यात कीलची होडी चालवते. कील म्हणजे होडीच्या बुडाखाली उभं उतरलेलं जड पातं. कील आणि मागचं सुकाणू धरून होडी पाण्यात जेवढी खोल बसते, तो तिचा ड्राफ्ट. पाणी ड्राफ्टपेक्षा कमी झालं की होडी जमिनीला लागते. समुद्रावरचे असंख्य अपघात एवढ्याच गोष्टीतून झाले आहेत.

दोघांचं बोलणं इथे सविस्तर देत आहे, कारण इसापूर, पूस, अरुणावती, बेंबळा असे मोठे जलाशय आपल्या जिल्ह्याच्या उशाला असूनही मासेमारीचा डोंगा आणि पर्यटकांची मोटारबोट यांपलीकडे आपण होडीचा विचार केलेला नाही.

काकाजी: तुझ्या त्या कीलची मला पहिल्यापासून धास्ती वाटते. आपल्याकडचा डोंगा पाहा. भोई माणूस हातात बांबू घेऊन उभा असतो. बांबू टेकला की ठाव कळला, नाही टेकला तर वल्हं मारायचं. वीतभर पाण्यात चालते ती नाव. बुडाला काही लागलं तर माणूस उतरतो, ढकलतो आणि पुढं जातो. इथल्या पाण्याला तशीच होडी पाहिजे.

पुतणी: त्या डोंग्याला शीड लावलं तर तो जाईल, पण वारा नेईल तिकडं. शिडावर बाजूनं वारा आला की तो होडीला पुढं कमी आणि आडवं जास्त ढकलतो. पाण्याखाली उभं पातं असलं तरच ते आडवं सरकणं अडतं आणि होडी पुढं जाते. पातं खोल आणि अरुंद असेल तेवढं हे काम चांगलं होतं. त्याच्याशिवाय वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनं परत येता येत नाही. पोरं वाऱ्याबरोबर दुसऱ्या काठाला जातील आणि परत यायला त्यांना वल्हीच मारावी लागतील.

काकाजी: आडवं सरकणं अडवायला पातं पाहिजे, हे पटलं. पण ते जड काऊन पाहिजे? त्यात शिसं आणि लोखंड काऊन ओततात?

पुतणी: होडी उलटू नये म्हणून. सपाट, रुंद बुडाची नाव पहिल्यांदा घट्ट वाटते. पाय ठेवला तरी हलत नाही. पण एका मर्यादेपुढं कलली की तिला सावरणारं काहीच नसतं. कीलची होडी पहिल्याच झुळुकीला कलते, नवख्या माणसाला भीती वाटते. मात्र जितकी जास्त कलेल तितकं खालचं वजन तिला सरळ ओढायला लागतं. समुद्रावरच्या चांगल्या होड्या पार आडव्या पडून, शीड पाण्याला टेकून पुन्हा उभ्या राहतात. सप्टेंबर २०२१ मध्ये अमरावती जिल्ह्यात, झुंजजवळ वर्धा नदीत नाव उलटून अकरा जण गेले. तीच नदी पुढं आपल्या जिल्ह्याच्या कडेनं वाहते.

काकाजी: त्या नावेत माणसं किती बसवली होती, तेही पाहा. लहान नावेत एवढी माणसं कोंबली तर तुझी कील काय करेल? अंगावर जॅकेट नाही, नावेला मर्यादा नाही. तो दोष बुडाच्या आकाराचा नव्हता.

इथे मी काकाजींच्या बाजूचा आहे. झुंजची दुर्घटना कीलच्या वादात साक्षीला आणता येत नाही. पण पुतणीचा मूळ मुद्दा त्यामुळे खोटा ठरत नाही, आणि तिने लगेच दुसरं, अधिक भक्कम उदाहरण दिलं.

पुतणी: बरं, ‘म्हादेई’ घ्या. गोव्यात मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत बांधली, २००९ मध्ये नौदलात आली. छप्पन्न फूट लांब, ड्राफ्ट सुमारे अडीच मीटर. दिलीप दोंदे तिच्यातून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाले आणि पुढच्या मे महिन्यात परतले. त्यानंतर अभिलाष टॉमी त्याच होडीतून २०१३ मध्ये कुठंही न थांबता प्रदक्षिणा पूर्ण करून आले. दक्षिण महासागरात घराएवढ्या लाटा असतात. तिथं तुमच्या सपाट बुडाच्या नावेचं काय झालं असतं?

काकाजी: दक्षिण महासागरात मी कशाला जाऊ? आणि मांडवीचं नाव काढलंसच म्हणून सांगतो. त्या नदीच्या तोंडाशी आग्वादजवळ वाळूचा बार आहे. पावसाळ्यात तिथून वाहतूक बंद होते, खनिजाचे बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत नेतात. म्हणजे जिथं ही खोल होडी बांधली, त्याच नदीला वर्षातले काही महिने तोंडाशी पुरेसं पाणी नाही. रत्नागिरीला राजिवड्याच्या मच्छीमारांना विचार, तिथल्या मांडवीच्या (ही गोव्याची नदी नव्हे) तोंडाशी साचलेली वाळू त्यांना किती वर्षं छळते आहे. आपला किनारा असाच आहे. खाड्या, गाळ, वाळू. ते ओळखूनच मराठ्यांनी आरमार बांधलं. गुराब दीडशे ते तीनशे टनांची, पण रुंद आणि कमी पाणी घेणारी. गलबत त्याहून लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. वारा पडला की इंग्रजांची मोठी जहाजं जागच्या जागी उभी, आणि आपली गलबतं वल्ही मारत त्यांच्या मागं जाऊन तोफा डागणार. जड जहाज पाठलागाला आलं की खाडीत शिरायचं. कान्होजी आंग्र्यांचं इंग्रजांनी १७१७ मध्ये विजयदुर्गला काही बिघडवलं नाही, १७२० मध्ये नाही. १७२१ मध्ये पोर्तुगीजांना बरोबर घेऊन कुलाब्यावर आले, तरीही नाही. १७२० च्या स्वारीसाठी तर त्यांनी मुंबईत ‘फ्राम’ नावाचा सपाट बुडाचा तरंगता तोफखाना मुद्दाम बांधला होता. आपल्या किल्ल्याजवळ पोचायला खोल जहाज चालत नाही, हे त्यांनाही कळलं होतं.

पुतणी: आणि १७५६ मध्ये इंग्रज आले तेव्हा?

काकाजी: तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळलं.

पुतणी: कुठं जळलं? खाडीच्या आत. विजयदुर्गच्या पश्चिमेला समुद्रात बुडालेली लांबच लांब भिंत आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं तिचा अभ्यास केला आहे. मोठ्या जहाजाचं बूड तिच्यावर आपटावं म्हणून ती बांधली, असं लोक सांगत आले. पण अ‍ॅडमिरल वॉटसन पश्चिमेकडून किल्ल्याला भिडलाच नाही. त्याची मोठमोठी जहाजं, साठ-साठ, सत्तर-सत्तर तोफांची, वाघोटनच्या खाडीत शिरली आणि उत्तरेकडून जवळून मारा केला. तिथं पाणी खोल होतं. आपलं आरमार एकमेकांना खेटून उभं होतं, एकाला आग लागली ती सगळ्यांना लागली. कमी पाणी घेणारी जहाजं तुम्हाला उथळ जागीच वाचवतात काकाजी. जिथं शत्रूलाही पुरेल एवढं पाणी आहे तिथं त्यांचा काही उपयोग नाही. शिवाय पावसाळ्यात ते आरमार बंदरात ओढून ठेवावं लागे, नारळी पौर्णिमेनंतर बाहेर पडे.

काकाजी थोडा वेळ गप्प राहिले. ते हरले असं मला वाटलं नाही. त्यांच्या मनात विजयदुर्गची खाडी उभी राहिली असावी. मग त्यांनी वाद त्यांच्या विद्येच्या जागी आणला.

काकाजी: चल, इतिहास राहू दे. होडी लागली तर काय होतं ते सांग. मला सांध्यांबद्दल सांग.

पुतणी: ते कील कसली आहे आणि तळ कसला आहे यावर आहे. जुन्या पद्धतीची लांब कील असते, होडीच्या जवळजवळ पूर्ण लांबीभर उतरलेली. सुकाणू तिच्याच मागच्या टोकाला बिजागऱ्यांवर बसवलेलं. होडी वाळूवर चढली तरी भार सगळ्या लांबीवर वाटला जातो आणि सुकाणू कीलच्या आडोशाला राहतं. ‘सुहाईली’ तशी होती. बत्तीस फूट, साडेपाच फूट ड्राफ्ट. मुंबईत सागवानात बांधलेली, १९६४ मध्ये पाण्यात उतरली. तिच्यातूनच रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी जगात सर्वांत आधी एकट्यानं, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. १४ जून १९६८ ला निघाले, २२ एप्रिल १९६९ ला परतले, ३१२ दिवस. त्या सफरीत न्यूझीलंडला ओटागो बंदराच्या तोंडाशी होडी वाळूवर चढली होती. नांगर टाकून, भरतीची वाट पाहून त्यांनी स्वतःच ती मोकळी केली आणि पुढं निघाले. होडीचं काही बिघडलं नाही.

काकाजी: सागवान आहे तो. आपल्या पांढरकवड्याच्या जंगलात उभा आहे, मला त्याचं नवल नाही. आता नव्या होड्यांचं सांग.

पुतणी: नव्या होड्यांची कील अरुंद आणि खोल. खाली टोकाला शिशाचा गोळा. वजन जितकं खाली तितकं ते होडीला जास्त जोरानं सरळ करतं. होडीला ती वरून बोल्टांनी जोडलेली असते.

काकाजी: म्हणजे उलटा कँटिलिव्हर. दोन-अडीच मीटर लांब, एका टोकाला जखडलेला, आणि तू मला सांगतेस की दुसऱ्या टोकाला दगड लागणार. बेटा, होडी सात-आठ टनांची, वेगात चालली आहे आणि खालचं टोक एकदम थांबलं. तो सगळा जोर त्या लांबीनं गुणून सांध्यावर येतो. पुढचे बोल्ट ओढले जातील. मागची कड होडीच्या बुडात वर घुसेल. नांगराचा फाळ मुळीला अडला की मुळी तशीच राहते, मोडतं ते इसाड.

पुतणी: अगदी तसंच होतं. आणि वाईट म्हणजे ते दिसत नाही. २०१४ मध्ये ‘चीकी राफिकी’ नावाची चाळीस फुटी होडी अँटिग्वाहून इंग्लंडला परतत होती. अटलांटिकमध्ये तिची कील गळून पडली, होडी उलटली, चारही माणसं गेली. ब्रिटनच्या सागरी अपघात चौकशी शाखेनं तपास केला. त्यात आधीच्या वर्षांत होडी जमिनीला हलकी लागल्याच्या आणि दुरुस्तीच्या नोंदी निघाल्या. बुडाच्या आतली चौकट चिकटवलेली असते, तो चिकटलेला भाग अशा धक्क्यांनी सुटत गेला असावा, असं त्यांचं मत पडलं. म्हणून मी सांगते, कीलची होडी हलकी जरी लागली तरी ती पाण्याबाहेर काढून बोल्ट आणि आतली चौकट तपासलीच पाहिजे.

काकाजी: आणि इसापूरला ती पाण्याबाहेर काढणार कोण? क्रेन कुठली आणणार? मऊ गाळ, हलका धक्का, पोरं हसत घरी जातील, कुणी सांगणारही नाही. पुढच्या वर्षी वादळी वाऱ्यात ती कील सुटेल.

या प्रश्नावर पुतणीला उत्तर सुचलं नाही. मला तो दोघांच्या सबंध बोलण्यातला सर्वांत गंभीर प्रश्न वाटतो. खोल कीलला तपासणीची व्यवस्था लागते. गोदी, क्रेन, जाणकार कारागीर हे जिथे नाहीत तिथे खोल कील ही उसनी सुरक्षितता आहे.

काकाजी: सुकाणूचं काय? ते कीलपेक्षा खोल ठेवतात की उथळ?

पुतणी: शहाण्या होडीत उथळ. काही लागलंच तर आधी कीलला लागावं. पण फार उथळ ठेवलं तर होडी कलल्यावर सुकाणू पाण्याबाहेर येतं आणि ऐन जोराच्या वाऱ्यात हातातलं नियंत्रण जातं. म्हणून शर्यतीच्या रुंद होड्यांना मागं दोन सुकाणू देतात, कललेल्या बाजूचं पाण्यात राहतं. सुकाणूचा दांडा थोडा जरी वाकला तरी ते अडकून बसतं. म्हणून रुतलेल्या होडीला इंजिन लावून जोरानं मागं ओढणं वाईट. कील वाळूतून सुटते आणि मागचं सुकाणू जाऊन आपटतं. कीलविना होडी बुडते हे सगळ्यांना कळतं, सुकाणूविना ती कुठं जाईल हे कुणाच्या हातात राहत नाही. ‘तारिणी’वर नौदलाच्या सहा जणी प्रदक्षिणेला गेल्या होत्या. २०१८ मध्ये परतीच्या वाटेवर त्यांची सुकाणूयंत्रणा बिघडली आणि ठरलेलं नसताना मॉरिशसला थांबावं लागलं.

काकाजी: आणि वाळूत रुतलीच तर सुटायचं कसं?

पुतणी: पहिली काही मिनिटं महत्त्वाची. शीड ढिलं सोडायचं, जिकडून आलो तिकडं तोंड फिरवायचं. सगळ्यांनी एका बाजूला जाऊन होडी कलवायची. एकच कील असेल तर कलल्यावर होडी कमी पाणी घेते. लहान होडीतून नांगर खोल पाण्यात नेऊन टाकायचा आणि त्याच्या दोराला ओढून होडी बाहेर घ्यायची. इतकं करूनही नाही निघाली तर भरतीची वाट पाहायची. मुंबईला उधाणाच्या दिवसांत पाणी चार मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. सुकतीला रुतलात तर सहा तास तरी बसायचं, एवढंच.

काकाजी: हे मला ऐकायचं होतं. सहा तास. आता इसापूरचं गणित माझ्याकडून ऐक. तुझ्या समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते. आमच्या जलाशयाला वर्षातून एकदा. ऑगस्ट-सप्टेंबरला पाणी पूर्ण संचय पातळीला जातं. मग रब्बीची आवर्तनं सुटतात, उन्हाळ्याची सुटतात, बाष्पीभवन चालू असतं. ऑक्टोबरपासून जूनपर्यंत पाणी उतरतच राहतं. नोव्हेंबरात तुझी होडी गाळात बसली आणि त्या दिवशी निघाली नाही, तर दुसऱ्या दिवशी पाणी आणखी खाली गेलेलं असणार. तिसऱ्या दिवशी आणखी. तिला भरती मिळेल ती पुढच्या पावसाळ्यात. आठ महिन्यांची सुकती आहे ही.

पुतणी: असा विचार मी केला नव्हता.

काकाजी: अजून ऐक. बुडीत क्षेत्र म्हणजे एके काळची शेतं. उतार शंभराला एक धर. पाणी एक मीटर उतरलं की काठ शंभर मीटर आत जातो. अडीच मीटर ड्राफ्टच्या होडीला काठापासून अडीचशे मीटर दूर राहावं लागेल आणि ती रेघ रोज सरकत राहील. पक्का धक्का बांधलास तर दिवाळीनंतर तो कोरड्या जमिनीवर उभा दिसेल. आणि तळाला काय असतं? तोडलेल्या झाडांचे खुंट. बाभूळ आणि साग पाण्याखाली वर्षानुवर्षं कुजत नाही. जुन्या विहिरींचे कठडे, गावठाणातल्या घरांची जोती, बांधावरचे धोंडे. सप्टेंबरात तीन मीटर पाण्याखाली असलेला खुंट जानेवारीत अर्ध्या मीटरवर येतो. कालपर्यंत जिथून होडी गेली तिथंच आज लागते.

पुतणी: मग हे खुंट कुठं आहेत ते कुणाला माहीत आहे?

काकाजी: भोयांना. दुसऱ्या कुणाला नाही.

पुतणी: मग खरा प्रश्न तिथं आहे काकाजी. २९ नोव्हेंबर २०१४ ला ‘टीम वेस्टास विंड’ ही शर्यतीची होडी हिंदी महासागरात, मॉरिशसच्या उत्तरेला, कार्गादोस काराजोसच्या प्रवाळखडकांवर रात्री भर वेगात चढली. जगातले निवडक खलाशी, उत्तमातली उत्तम साधनं. संगणकावरचा नकाशा पुरेसा मोठा करून पाहिला नव्हता, लहान प्रमाणावर ते खडक दिसलेच नाहीत. नऊही जण वाचले, होडीची चाळण झाली. आणि २४ ऑक्टोबर २०१८ ला शिवस्मारकाच्या जागेकडे निघालेली स्पीडबोट मुंबईच्या समुद्रात खडकावर आदळून बुडाली, एका तरुणाचा जीव गेला. स्पीडबोट कमीच पाणी घेते. तुमच्या उथळ बुडानं तिथं वाचवलं नाही.

काकाजी: मुंबईसमोर तर खोलीचे आकडे भरलेले नकाशे आहेत.

पुतणी: आहेत. देहरादूनचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय काढतं. त्यावरची खोली ओहोटीच्या पाण्याची दिलेली असते, म्हणजे सहसा त्याहून कमी पाणी मिळत नाही. नकाशा वाचणारा माणूस मात्र होडीवर असावा लागतो. इसापूरचा तसा नकाशा होडीवाल्याच्या हातात आहे का?

काकाजींच्या आवाजात या ठिकाणी पहिल्यांदा उत्साह आला. त्यांची संपूर्ण नोकरी या एका गोष्टीत गेली होती.

काकाजी: नकाशा धरण स्वतःच काढून देतं, बेटा. पाण्याची पातळी रोज नोंदली जाते. ज्या दिवशी पातळी जितकी, त्या दिवशीची काठाची रेघ म्हणजे त्या उंचीची समोच्च रेषा. ऑक्टोबर ते जून दर पंधरवड्याची काठाची रेघ उपग्रहाच्या छायाचित्रावरून उतरवून घे, सगळ्या एकावर एक ठेव, तळाचा नकाशा तयार. धरणात गाळ किती साचला ते नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था याच रीतीनं काढते. मृत साठ्याखालचं तेवढं दिसणार नाही, पण होडीला त्याची गरज नाही. खुंट आणि कठडे उपग्रहाला दिसत नाहीत. ते मे महिन्यात पायी फिरून पाहायचे. उघडे पडलेले असतात. प्रत्येकाची जागा मोबाइलवर नोंदवायची, उंची मोजायची, शक्य असेल तो उपटून काढायचा, नाही निघाला तर त्याला दोर बांधून वर तरंगता डबा सोडायचा.

पुतणी: हे झालं तर मी एक पाऊल मागं येते. कीलची होडी नको. उचलता येणाऱ्या पात्याची घेऊ. ऑप्टिमिस्ट लहान पोरांसाठी, मोठ्यांसाठी आयएलसीए. पातं वरून खाचेत घालायचं. खाली सोडलं की होडी पाऊण-एक मीटर पाणी घेते, काठाजवळ आलं की ओढून वर घ्यायचं. आयएलसीएचं सुकाणू बिजागरीवर असतं, काही लागलं तर मागं उचललं जातं, मोडत नाही. आयएलसीएचं नुसतं बूड साठ किलोच्या आत, दोघांनी उचलून काठावर ठेवता येतं. क्रेन नको, पक्का धक्का नको. भोपाळला तलावावर याच होड्या चालतात. मध्य प्रदेशला समुद्र नाही. तरी तिथं तयार झालेल्या हर्षिता तोमरनं २०१८ च्या आशियाई खेळांत कांस्य आणलं आणि नेहा ठाकूरनं हांगझोऊला रौप्य.

काकाजी: म्हणजे माझाच डोंगा, पातं लावलेला.

पुतणी: तसं नाही. या होड्या उलटतात. उलटणारच. त्यांच्यात शिसं नाही, पोरांनीच पात्यावर उभं राहून त्या सरळ करायच्या. हवेच्या बंद कप्प्यांमुळे त्या बुडत नाहीत, पण पोर पाण्यात पडणार. त्या पोराच्या अंगात जॅकेट, काठावर मोटार लावलेली बचावाची नाव तयार आणि वळवाच्या दिवसांत आभाळ पाहून होड्या वर घेणारा शिक्षक, या तीन गोष्टींवाचून मी एकही होडी पाण्यात घालू देणार नाही. खोल कील जे काम एकटी करते ते इथं माणसांना करावं लागतं. तेवढी माणसं उभी करणार असाल तरच.

काकाजी: आणि पात्यालाही खुंट लागेल.

पुतणी: लागेल. पातं तडकेल, खाच फुटेल. म्हणून नकाशा आधी, होडी नंतर.

या शेवटच्या वाक्यावर दोघं एक झाली, बाकी काही मुद्द्यांवर नाहीत. पुतणीला अजून वाटतं की मोठं धाडस करायचं असेल तर मुलांना एक दिवस मुंबई-गोव्याला नेऊन कीलच्या होडीवर बसवलं पाहिजे, नाहीतर त्यांना वाऱ्याची खरी ताकद कळणार नाही. काकाजींना ते अनाठायी वाटतं. मला पुतणीचं पटतं, पण तो पुढचा प्रश्न आहे.

माझं मत सरळ आहे. समुद्रात खोल कील प्राण वाचवते आणि ‘म्हादेई’ने ते सिद्ध केलं आहे. आठ महिने उतरत राहणाऱ्या, खुंटांनी भरलेल्या जलाशयात तीच कील धोका होते. आपल्या धरणांसाठी उचलता येणारं पातं आणि उचललं जाणारं सुकाणू हाच पर्याय योग्य. होडी कोणतीही असो, तळ ठाऊक नसेल तर ती लागणारच.

म्हणून जलसंपदा विभागाला आणि जिल्हा प्रशासनाला विनंती आहे. इसापूर, पूस, अरुणावती आणि बेंबळा यांच्या काठावर जिथे जिथे नाव चालते, तिथे रोजची पाणीपातळी मोठ्या अक्षरांत लिहिलेला फलक लावा आणि त्याखाली तळाचा नकाशा द्या. नकाशाचं काम येत्या मे महिन्यात सुरू करा. पाणी खाली असतं, कॉलेजच्या मुलांना सुट्टी असते, आणि कोणता खुंट कुठे आहे हे सांगणारे भोई बांधव काठावरच राहतात. त्यांना मानधन देऊन बरोबर घ्या.